पॅटर्न ब्लॉक्स: आकार जुळवायला उत्तम, ओळखायला अपुरे

बालवर्गासाठी पॅटर्न ब्लॉक्सचा, म्हणजे ठरावीक आकारांच्या रंगीत ठोकळ्यांचा, २५० तुकड्यांचा संच घ्यावा का? चार ते सहा वर्षांच्या मुलांसाठी जरूर घ्यावा. जुळवाजुळवीच्या खेळात त्याला तोड नाही. मात्र ‘त्रिकोण कशाला म्हणायचं’ हे शिकवायची सगळी भिस्त त्याच्यावर ठेवली, तर मुलांच्या डोक्यात चुकीची समजूत पक्की बसते.

१९६०च्या दशकात अमेरिकेतल्या एज्युकेशन डेव्हलपमेंट सेंटरच्या ‘एलिमेंटरी सायन्स स्टडी’ या प्रकल्पात हे ठोकळे तयार झाले, आणि रचना आजही तीच आहे. नेहमीच्या संचात पिवळे षटकोन २५, नारिंगी चौरस २५, आणि लाल समलंब चौकोन, निळे समभुज चौकोन, हिरवे त्रिकोण व फिकट बदामी रंगाचे निमुळते समभुज चौकोन प्रत्येकी ५० असतात. प्रत्येक बाजू १ इंचाची, फक्त लाल तुकड्याची लांब बाजू २ इंचांची. त्यामुळे कुठलाही तुकडा कुठल्याही तुकड्याला कडेला कड लावून बसतो. दोन लाल, तीन निळे किंवा सहा हिरवे जोडले की पिवळा षटकोन झाकला जातो. तुकडे मिसळले तर तो झाकण्याच्या एकूण सात जोडण्या निघतात. शिक्षिकेने त्या आधी स्वतः करून पाहाव्यात, म्हणजे मूल कुठे अडलंय ते लगेच कळतं.

संच हाती आल्यावर आधी कापणी तपासा. सहा हिरवे त्रिकोण टोकाला टोक लावून गोलाकार मांडा आणि वर पिवळा षटकोन ठेवा. मध्ये फट राहिली किंवा कडा बाहेर आल्या, तर संच परत करा. एका तुकड्यातला अर्ध्या मिलिमीटरचा फरक दहा तुकड्यांच्या रांगेत अर्धा सेंटीमीटर होतो. मोठी नक्षी शेवटी जुळत नाही आणि मुलाला वाटतं, आपलंच चुकलं.

साहित्यात लाकूड सर्वांत बरं. त्याला वजन असतं, त्यामुळे कोपर लागलं तरी नक्षी लगेच विस्कटत नाही. ते पाण्यात मात्र बुडवू नये. फुगतं आणि रंग सुटतो. ओलसर फडक्याने पुसून वाळवावं. प्लॅस्टिक धुता येतं, पण गुळगुळीत टेबलावर सरकतं. खाली जाडसर कापड अंथरलं की प्रश्न मिटतो. फोमचे तुकडे आवाज करत नाहीत एवढंच. दातांचे ठसे उमटतात आणि कडा लवकर गोलावतात.

एक संच चार-पाच मुलांना पुरतो, अख्ख्या वर्गाला नाही. आधी संपतात ते षटकोन आणि चौरस, आणि भांडणंही त्यांच्यावरूनच होतात. म्हणून खेळाआधीच प्रत्येकाच्या ताटलीत पाच-पाच वाटून द्यावेत. बाकीचे आकार मध्ये उथळ वाडग्यांत ठेवावेत, एका वाडग्यात एकच आकार. आवरताना तुकडे ज्याच्या त्याच्या वाडग्यात टाकणं हा वर्गीकरणाचाच खेळ होतो.

पहिले काही दिवस काहीही शिकवू नका. मुलांना हवं ते रचू द्या. मग आकृती झाकण्याचा खेळ आणा. सुरुवातीच्या कागदावर आतल्या रेषाही हव्यात, म्हणजे तुकडा कुठे बसतो ते दिसतं. ते सहज जमलं की फक्त बाहेरची रेषा असलेला कागद द्या. खरा विचार इथे सुरू होतो, कारण आता तुकडा फिरवून पाहावा लागतो. बरीच मुलं तो फिरवतच नाहीत. ‘बसत नाही’ म्हणून दुसरा उचलतात. त्यांच्यासाठी तुकडा बसवून देऊ नका. ‘याला थोडं वळवून बघ’ एवढंच म्हणा.

या कागदांच्या बाबतीत एक चूक हमखास होते. प्रिंट काढताना ‘फिट टू पेज’ चालू राहिलं तर आकृती लहान होते आणि एकही तुकडा नीट बसत नाही. छपाई १०० टक्क्यांवरच हवी. पहिल्या प्रतीवर खरा ठोकळा ठेवून पाहिल्याशिवाय पुढच्या प्रती काढू नका.

नारिंगी चौरस आणि बदामी तुकडा षटकोनात कधीच नीट बसत नाहीत. मुलं तरीही झटतात, झटू द्यावं. त्यांच्यासाठी वेगळे खेळ आहेत. षटकोनाच्या सहाही बाजूंना चौरस लावले की मधल्या सहा फटींत हिरवे त्रिकोण अचूक बसतात. बदामी तुकड्यांची निमुळती टोकं एका बिंदूवर आणली की बरोबर बारा तुकड्यांची चांदणी होते. हे पाहताना मुलांचे डोळे चमकतात, आणि याच क्षणांसाठी हा संच घ्यावासा वाटतो.

आता उणीव. संचात वर्तुळ नाही, आयत नाही. त्रिकोण एकाच प्रकारचा, एकाच मापाचा आणि कायम हिरवा. चौरस कायम नारिंगी. मूल बिनचूक ‘त्रिकोण’ म्हणतं, पण ते रंग ओळखत असण्याचीच शक्यता जास्त. पडताळा सोपा आहे: एकाच रंगाच्या जाड कागदाचे आकार कापून समोर ठेवा. उंच निमुळता त्रिकोण, काटकोन असलेला, टोक खाली केलेला, आणि सोबत फसवे आकार: एक बाजू वाकडी असलेला, कोपरे गोल केलेला, एका कोपऱ्यात उघडा राहिलेला. निमुळत्या त्रिकोणाला ‘नाही’ आणि गोल कोपऱ्यांच्या आकाराला ‘हो’ अशी उत्तरं भरपूर येतात. डच शिक्षक पियरे आणि डिना व्हान हिले यांनी १९५७ मध्ये मांडलेल्या भूमिती समजण्याच्या पायऱ्यांपैकी ही पहिली: मूल एकूण रूप पाहून ठरवतं, बाजू-कोपरे पाहून नाही. चौरस तिरपा ठेवला की ‘हा आता चौरस नाही’ म्हणतं तेही यामुळेच. त्याच्यासमोरच तुकडा हळूहळू फिरवावा, मध्ये थांबून विचारावं.

कडेवरून बोट फिरवून, प्रत्येक कोपऱ्यावर थांबून मोजणं हा उत्तम सराव. सुरुवात कुठून केली ते मुलं विसरतात आणि चौरसाला पाच कोपरे होतात. पहिल्या कोपऱ्यावर टिकली चिकटवली की मोजणी बिघडत नाही. याच्या जोडीला १० सेंटीमीटरचे स्ट्रॉचे तुकडे आणि मातीचे छोटे गोळे द्या. तीन तुकड्यांचा त्रिकोण दाबला तरी हलत नाही. चार तुकड्यांचा चौरस कलतो आणि समभुज चौकोन होतो. हा फरक हाताला कळतो, चित्रात कळत नाही.

फक्त आकारांची नावं शिकवायची असतील, तर अ‍ॅट्रिब्यूट ब्लॉक्स अधिक योग्य. पाच आकार, तीन रंग, दोन मापं आणि दोन जाड्या मिळून ६० तुकडे. वर्तुळ आणि आयतही त्यात आहेत. एकच आकार तिन्ही रंगांत असल्याने रंगाचा आधार आपोआप सुटतो. त्रिकोण मात्र तिथेही एकाच घडणीचा, म्हणून कागदी आकार दोन्हींसोबत लागतातच.

तीन वर्षांखालील मुलांच्या हाती पॅटर्न ब्लॉक्स देऊ नयेत. लहान वस्तूंच्या सुरक्षा चाचणीतली नळी ३१.७ मिलिमीटर व्यासाची असते आणि हिरवा त्रिकोण तिच्यात सहज मावतो, म्हणजे तो घशात अडकू शकतो. मिश्र वयाच्या वर्गात संच उंच फडताळात ठेवा, आणि खेळ संपल्यावर जमिनीवर एकही हिरवा तुकडा राहिला नाही हे स्वतः वाकून पाहा.