वर्गणी वाफ्याची, लाभ ढिगाचा: इंदूरमधील एका सामूहिक बागेचे आठ महिने

गेल्या आषाढात मी इंदूरच्या पश्चिम भागातील एका सामूहिक बागेचे सभासदत्व घेतले. महिन्याला ३०० रुपये वर्गणी आणि त्या बदल्यात आठ फूट लांब, चार फूट रुंद वाफा, अवजारे, पाणी व दर रविवारी सकाळी मनःस्वास्थ्याचे अर्ध्या तासाचे सत्र, असा व्यवहार होता. ज्याचा माहितीपत्रकात उल्लेखही नव्हता, तो कोपऱ्यातील खताचा ढीगच मला या सर्वांपेक्षा अधिक मोलाचा वाटला.

वाफ्याविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. पालक आणि मेथी उत्तम आली. गिलकीचा वेल (पुण्याकडची मंडळी घोसाळी म्हणतात, तीच ही) शेजारच्या वाफ्यावर चढल्याने झालेली कुरबुर भज्यांच्या ताटावर मिटली. नळ मात्र एकच आणि खुरपी तीनच असल्यामुळे रविवारी आठनंतर येणाऱ्याला बराच वेळ नुसते उभे राहावे लागते. तक्रारवहीत दोनदा लिहूनही चौथे खुरपे आलेले नाही.

ढिगाची गोष्ट वेगळी. ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इथल्याच संशोधन संस्थेत, आजच्या कृषी महाविद्यालयाच्या जागेत, पालापाचोळा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर रचून सुमारे तीन महिन्यांत खत तयार करण्याची रीत बसवली. ती जगभर इंदूर पद्धत म्हणूनच ओळखली जाते, आणि तिच्यावरील १९३१ च्या पुस्तकावर त्यांच्या जोडीला यशवंत वाड यांचेही नाव आहे. आमच्या व्यवस्थापकांनी मात्र ऐन श्रावणात खड्डा खणून त्यात कचरा भरला. खड्ड्यात पाणी साचले, दुर्गंधी सुटली आणि आजूबाजूच्या घरांतून निरोप येऊ लागले. पावसाळ्यात खड्डा नको, जमिनीवर ढीग रचावा, हे हॉवर्ड यांनीच सांगून ठेवले आहे, असे एका वयोवृद्ध सभासदकाकांनी समजावले, तेव्हा सर्वांनी मिळून सारे उपसले. एरवी नमस्कारापलीकडे न जाणारी माणसे त्या दिवशी कोपरापर्यंत बरबटलेल्या हातांनी एकमेकांना घमेली देत होती. नव्या ढिगाची तीन वेळा उलथापालथ करताना आतून निघणारी वाफ पाहायला मुले हटकून हजर असत.

मनःस्वास्थ्याचे सत्र मला निराशाजनक वाटले. ध्वनिक्षेपकावरून दीर्घ श्वास घेण्याच्या सूचना येत असताना निम्म्या सभासदांचे लक्ष नळाच्या रांगेकडे असते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका डच प्रयोगात, मुद्दाम ताण दिल्यानंतर अर्धा तास बागकाम केलेल्यांच्या शरीरातील कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक, तेवढाच वेळ घरात वाचत बसलेल्यांपेक्षा अधिक उतरले होते. तेव्हा हा अर्धा तास सरळ कामालाच द्यावा, असे मी व्यवस्थापकांना सुचवले आहे.

भिंतीवरील मांडण्यांचा (माळव्यात गेरू आणि पांढऱ्या खडीने काढतात त्या नक्षीचा) उपक्रम मात्र अवश्य अनुभवावा. चित्रकार बेंद्रे आणि हुसेन ज्या शहरात देवळालीकर मास्तरांकडे शिकले, त्या शहरातही हाती रंग घ्यायला माणसे किती बिचकतात, हे तिथे दिसले. पहिला प्रयत्न पावसाने धुऊन नेला, कारण सिमेंटच्या गिलाव्यावर गेरू धरत नव्हता. दिवाळीपूर्वी एका माळवी आजींनी गेरूत डिंक कालवायला लावला आणि खडीच्या पांढऱ्या रंगात बुडवलेल्या कापसाने पहिली रेघ स्वतः ओढून दिली. पुढची रेघ जो शेजारी उभा असेल त्याने ओढायची, एवढाच नियम होता. त्यामुळे कोणते पाऊल कोणाचे आणि कोणता कमळाचा चौक कोणाचा, हे आता कोणालाच सांगता येत नाही. काही रेघा वाकड्या आहेत. माझी त्यांतली एक असावी.

पुढील सहा महिन्यांची वर्गणी मी भरली आहे. वाफा मात्र या वेळी अर्धाच मागितला आहे, आणि खुरपे घरून नेणार आहे.