वर्कबेंच १.३ : अर्ध्या एमबीत चार कामं

एका खिडकीत फ्लॉपी फॉरमॅट होतेय आणि दुसऱ्या खिडकीत टायपिंग न अडखळता चाललंय. १९८५ साली घरगुती कॉम्प्युटरवर हे क्वचितच दिसायचं. कमोडोरच्या अमिगावर ते पहिल्या दिवसापासून होतं. इथे परीक्षण अमिगाच्या वर्कबेंच या सिस्टीमच्या १९८८ च्या १.३ आवृत्तीचं आहे, साध्या ए-५०० मॉडेलवरचं: ७ मेगाहर्ट्झचा ६८००० प्रोसेसर, ५१२ केबी मेमरी, ८८० केबीची फ्लॉपी.

कर्नलचं, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याचं, नाव एक्झेक, ते कार्ल सासेनराथ यांचं काम. प्रोसेसर सोडायचा की नाही हे इथे प्रोग्रामच्या मर्जीवर नसतं, एक्झेक तो काढून घेतं. प्राधान्य उणे १२८ ते १२७, बहुतेक प्रोग्राम ० वर. सारख्या प्राधान्याचे टास्क, म्हणजे चालू कामं, आळीपाळीने चालतात. वरच्याला काम असेल तोवर खालच्याला मात्र काहीही मिळत नाही, हे नीट लक्षात ठेवा. माउस आणि कीबोर्ड सांभाळणारा टास्क २० वर असतो, म्हणून मागे कितीही आकडेमोड चालली तरी पॉइंटर हातासरशी फिरतो. लांबलचक काम सुरू करण्याआधी शेलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, 'चेंजटास्कप्राय -१' द्या. त्या शेलमधून 'रन' कमांडने सोडलेलं काम तेच प्राधान्य घेतं आणि समोरचा एडिटर मोकळा राहतो. उणे ५ ते ५ च्या बाहेर जाऊ नका.

एवढ्याशा मेमरीत हे जमतं कसं? दोन टास्क एकमेकांना निरोप देतात तेव्हा डेटाची नक्कल होत नाही, तो मेमरीत कुठे आहे तो पत्ता फक्त पुढे जातो. वेगाचं मूळ तिथे आहे, आणि कोसळण्याचंही तिथेच. पत्ते असे हातोहात फिरायचे तर सगळ्यांना सगळी मेमरी उघडी हवी. ६८००० जवळ संरक्षणाची सोयही नाही. त्यामुळे एका प्रोग्रामची चूक थेट शेजाऱ्याच्या मेमरीत उतरते.

टास्क बिघडला की आधी छोटी चौकट येते: टास्क थांबवलाय, डिस्कची सगळी कामं पूर्ण करा, मग कॅन्सल दाबा. इथे घाई करू नका. बाकीचे प्रोग्राम अजून चालू असतात, तेव्हा दुसऱ्या खिडकीतलं काम सेव्ह करा, ड्राइव्हचा दिवा विझू द्या आणि मगच कॅन्सल करा. त्यानंतर काळ्या पडद्यावर लाल, लुकलुकणारी 'गुरू मेडिटेशन'ची चौकट येते. डावीकडचा आकडा कोणत्या प्रकारची चूक झाली ते सांगतो, उजवीकडचा टास्कचा पत्ता. ८ ने सुरू होणारा आकडा म्हणजे रीबूटशिवाय मार्ग नाही. ८१०००००५ दिसला तर मोकळ्या मेमरीची यादीच कुणीतरी बिघडवलेली असते, आणि गुन्हेगार शेवटी उघडलेला प्रोग्रामच असेल असं नाही, त्याआधीचाही असू शकतो.

मेलेल्या प्रोग्रामची मेमरी सिस्टीम परत घेत नाही. अधूनमधून मोकळी मेमरी दाखवणारी 'अवेल' कमांड चालवा आणि एकूण मोकळ्या आकड्यापेक्षा 'लार्जेस्ट' हा रकाना बघा. १५० केबी मोकळी असूनही सलग तुकडा ४० चाच उरला असेल, तर मोठा प्रोग्राम उघडणार नाही.

सर्वांत कच्चा भाग डिस्कचा. डिस्क आणि फायली सांभाळणारं अमिगाडॉस हे ट्रायपॉस या सिस्टीमवरून बीसीपीएल या प्रोग्रामिंग भाषेत घाईने आणलेलं, आणि ते जाणवतं. एकाच फ्लॉपीवरून दोन प्रोग्राम वाचू लागले की हेड सारखं मागेपुढे धावतं, ड्राइव्ह खडखडतो आणि दोन्ही कामं एकामागून एक केली असती त्याहून जास्त वेळ जातो. मशीन सुरू होताना चालणाऱ्या कमांडच्या फाइलमध्ये, म्हणजे स्टार्टअप-सीक्वेन्समध्ये, 'अॅडबफर्स डीएफ०: ३०' घाला; त्याने पहिल्या फ्लॉपी ड्राइव्हचा डेटा तात्पुरता धरायला मेमरीत ३० जादा बफर मिळतात. बफरमागे अर्धा केबीच्या थोडं वर जातं, म्हणजे १६ केबीच्या आसपास, पण फोल्डर उघडताना फरक लगेच कळतो. रोजचे चार-पाच कमांड 'रेसिडेंट' करून, म्हणजे मेमरीतच, ठेवले की दर वेळी वर्कबेंचची फ्लॉपी मागितली जात नाही.

दिवा पेटलेला असताना फ्लॉपी कधीही काढू नका. लिहिताना काढलीत, तर पुढच्या वेळी सिस्टीम ती तपासायला घेते आणि तपासणी अडली तर तिच्यावर लिहू देत नाही. अशा वेळी सोबत येणारा डिस्कडॉक्टर हा दुरुस्तीचा प्रोग्राम चालवायची इच्छा होते. तो मूळ फ्लॉपीवरच शस्त्रक्रिया करतो आणि फायली गमावू शकतो. आधी वाचता येतील त्या फायली दुसऱ्या फ्लॉपीवर घ्या.

आणखी एक खटकणारी गोष्ट: उजवं बटण दाबून मेन्यू उघडा धरला की त्या स्क्रीनवरच्या सगळ्या खिडक्यांचं चित्रण थांबतं. खिडकीत काही दाखवायचं असलेला प्रोग्राम तिथेच ताटकळतो. मोडेमवरून फाइल येत असेल तर मेन्यू पटकन सोडा.

स्क्रीनची सोय मात्र फार सुंदर. वेगळ्या रिझोल्युशनचा स्क्रीन वरच्या पट्टीला धरून खाली ओढला की मागचा दिसतो, दोन्ही एकाच मॉनिटरवर, चालू अवस्थेत.

मशीनच्या पोटातल्या कप्प्यात बसणारी ५१२ केबी जादा मेमरीची पाटी आधी घ्या. तिने वेग वाढत नाही, पण तिच्याशिवाय दोन मोठे प्रोग्राम एकत्र उघडणं अवघड. दुसरा फ्लॉपी ड्राइव्ह त्यानंतर. नवी, जलद फाइल सिस्टीम १.३ मध्ये हार्ड डिस्कवरच चालते. फ्लॉपीवर जुनीच राहते, आणि तिच्या प्रत्येक ५१२ बाइटच्या ब्लॉकमध्ये तुमचा डेटा ४८८ बाइटच मावतो.