टाळूच्या ऑपरेशनसाठी 'फाइल चार्ज' मागणाऱ्यांपासून सावध

माझी भाची दिघ्याला राहते, पाच वर्षांची आहे. जन्मतःच तोंडातली टाळू फाटलेली. सव्वा वर्षाची असताना ऑपरेशन झालं, पण मागे बारीक छिद्र राहिलं. असं होतं कधी कधी, टाक्यांवर ताण येतो, जखम सांधत नाही. ताक प्यायली की नाकातून येतं, बोलणं गेंगाणं. शाळेत पोरं चिडवायला लागली तेव्हा बहिणीने पुन्हा दवाखाने सुरू केले.

ठाण्यातल्या एका मोठ्या रुग्णालयात केसपेपरच्या रांगेत एकजण भेटला. गळ्यात ओळखपत्र, हातात फायली, बोलणं एकदम आपुलकीचं. "ताई, दुसरं ऑपरेशन योजनेत बसत नाही. ट्रस्टच्या कोट्यातून करून देतो, फक्त फाइल चार्ज भरा." १२,००० घेतले. मग म्हणाला, छिद्रावर बसवायचा पडदा बाहेरून मागवावा लागतो, त्याचे २५,०००. बहीण कचरली तेव्हा त्याने तिला घाबरवलं: आठवड्यात केलं नाही तर इन्फेक्शन मेंदूत जाईल. बहिणीच्या नवऱ्याने पतपेढीतून कर्ज काढलं. पैसे मिळाल्यावर फोन बंद.

त्या मेंदूच्या गोष्टीचा मला सगळ्यात जास्त संताप येतो. असल्या छिद्राचं ऑपरेशन तातडीचं नसतं. उलट आधीच्या ऑपरेशननंतर निदान सहा महिने थांबतात, जखमेची जागा मऊ पडू देतात. मग बाजूचीच त्वचा सरकवून दोन थरांत शिवतात, एक नाकाच्या बाजूने, एक तोंडाच्या. हे आम्हाला नंतर प्लास्टिक सर्जननी कागदावर चित्र काढून समजावलं. छिद्र पुन्हा उघडू शकतं, हेही त्यांनीच आधी सांगितलं. तो भामटा मात्र 'शंभर टक्के गॅरंटी' देत होता.

आणि एवढ्यावर थांबलं नाही. 'ट्रस्टला दाखवायला' म्हणून त्याने पोरीचा तोंड उघडलेला व्हिडिओ काढून घेतला होता. तो शेजारणीला व्हॉट्सॲपवर आला. नाव भलतंच, आजार 'टाळूचा कॅन्सर', खाली पैसे पाठवायचा क्यूआर कोड. बहीण दोन दिवस जेवली नाही.

पैसे न देता हे ऑपरेशन होतं, हे घरोघरी कळायला हवं. स्माइल ट्रेन या फाटलेल्या ओठ-टाळूसाठी काम करणाऱ्या संस्थेशी जोडलेल्या रुग्णालयांत टाळूच्या शस्त्रक्रिया मोफत होतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं २०१३ पासून अंगणवाडी-शाळांत अठरा वर्षांपर्यंतची मुलं तपासतात. फाटलेले ओठ-टाळू त्यांच्या यादीत आहेत, आणि पुढे पाठवायचं कामही त्यांचंच. राज्य सरकारच्या मोफत उपचारांच्या महात्मा फुले योजनेबद्दल काहीही विचारायचं असेल तर रुग्णालयात बसलेल्या आरोग्यमित्रालाच विचारा. सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक असतात, त्यांची खोली शोधा. आमचं काम तिथेच मार्गी लागलं. पैसे भरायचेच असले तर रुग्णालयाच्या खिडकीवर, छापील पावती घेऊन. कुणाच्या मोबाइल नंबरवर नाही.

पैसे ऑनलाइन गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. जितकं लवकर कळवाल तितकी रक्कम पुढच्या खात्यात जाण्याआधी अडवता येण्याची शक्यता जास्त. आम्ही तक्रार दिली आहे, पैसे अजून परत आलेले नाहीत.

टाळू दाखवणाऱ्या लहान मुलीचा, मदत मागणारा व्हिडिओ तुमच्या ग्रुपवर आला तर कृपया पुढे पाठवू नका. तो आमच्या पोरीचा असू शकतो.