रबाळेतली अस्फाल्टीन चाचणी : टाकीतल्या तेलासाठी द्या, गॅस इंजेक्शनसाठी नको

रबाळे एमआयडीसीतल्या या प्रयोगशाळेत एएसटीएम डी६५६० नीट पाळतात. कच्च्या तेलातलं अस्फाल्टीन, म्हणजे हेप्टेनमध्ये न विरघळणारा जड घटक, मोजायची ही प्रमाणित पद्धत. एका ग्रॅमला ३० मिली एन-हेप्टेन, तासभर रिफ्लक्स (वाफ थंड करून परत आत सोडत उकळणं), मग दीड-अडीच तास अंधारात. कामाची कसोटी लागते ती पुढे, फिल्टर कागदावरचा गाळ गरम हेप्टेनने धुताना. मेण राहिलं की अस्फाल्टीनचा आकडा फुगतो. इथे खाली ठिबकणारे थेंब काचेवर वाळवून बघतात. डाग उरत नसेल तरच अस्फाल्टीन विरघळवून घ्यायला टोल्युइन चढवतात. इतकी चिकाटी सगळीकडे नसते.

नमुना घेताना मात्र आनंदच आहे. काउंटरवर कसलाही डबा घेतात, काही विचारत नाहीत. क्रूडमधला (कच्च्या तेलातला) जड भाग तळाला बसतो, शिवाय त्यात पाणीही असतं. आधी पाणी काढून, घट्ट झाकणाच्या डब्यात ६० अंशांना तापवून, हलवून मगच वजन करा, असं अर्जावर लिहून द्या. झाकण उघडं ठेवून तापवलं की हलके घटक उडून जातात.

अहवालात अस्थिरता निर्देशांक येतो : सॅच्युरेट्स अधिक अस्फाल्टीन, भागिले अॅरोमॅटिक्स अधिक रेझिन. हे तेलाच्या घटकांचे चार गट; शेवटचे दोन अस्फाल्टीनला तेलात धरून ठेवतात. ०.९ च्या वर अस्थिर, ०.७ च्या खाली स्थिर. त्यावर विहिरीचा निर्णय घेऊ नये. व्हेनेझुएलातल्या बोस्कानच्या तेलात सुमारे १७ टक्के अस्फाल्टीन, तरी त्रास किरकोळ. अल्जीरियातल्या हासी मेसाऊदमध्ये ०.१५ टक्के, तरी नळ्या तुंबायच्या. हलक्या तेलात गॅस भरपूर विरघळलेला असतो. दाब बबल पॉइंटकडे (ज्या दाबाला विरघळलेला गॅस सुटू लागतो तिकडे) उतरला की तेल फुगतं, घनता घटते आणि अस्फाल्टीन धरून ठेवायची ताकद जाते. जड तेलात गॅस कमी, रेझिन जास्त, म्हणून नुसत्या उत्पादनात ते बरंच निभावतं. गॅस इंजेक्शनमध्ये, म्हणजे तेल काढण्यासाठी साठ्यात कार्बन डायऑक्साइड किंवा रिच गॅस (इथेनपासूनचे जड घटक जास्त असलेला) सोडला की ती सवलत संपते, आणि गाळ थेट खडकाच्या छिद्रांत बसू शकतो.

ते तपासायला दाब न सोडता आणलेला तळविहिरीचा नमुना लागतो. तो साठ्याच्या दाब-तापमानाला काही दिवस घुसळत ठेवून, गॅसचं प्रमाण टप्प्याटप्प्याने वाढवत प्रत्येक टप्प्यावर ऑनसेट दाब, म्हणजे अस्फाल्टीन सुटायला लागतं तो दाब, मोजायचा. हा दाब इन्फ्रारेड प्रकाशाने ओळखतात, पण काळ्याकुट्ट तेलातून तो प्रकाश जेमतेम पार होतो, म्हणून जोडीला उच्च दाबाचा फिल्टर हवा. ही सोय इथे नाही. विचारल्यावर तसं सरळ सांगतात, हे बरं.

इनहिबिटरची (अस्फाल्टीनचा गाळ रोखणाऱ्या रसायनांची) तुलना इथे करून घ्यायला हरकत नाही, पण ती निव्वळ हेप्टेनमधली. तिथे जवळपास प्रत्येक डिस्पर्संट (कण पसरवून ठेवणारं रसायन) चांगला दिसतो. डोस किमान तीन मागा आणि गाळाची वाचनं तासाभरानंतरची व २४ तासांनंतरची, दोन्ही घ्या.