आंतरसांस्कृतिक सेवाकार्याची एम.ए.: मानववंशशास्त्र उत्तम, भाषा कच्ची

परक्या संस्कृतीत मिशनकार्याला निघणाऱ्यांसाठी सेमिनऱ्यांमध्ये, म्हणजे ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या महाविद्यालयांमध्ये, 'इंटरकल्चरल स्टडीज' नावाची एम.ए. असते. ती करावी का? करावी, पण तिच्यात भाषाही शिकून होईल या भरवशावर राहू नये.

हिशेब साधा आहे. उत्तर अमेरिकेतल्या सेमिनऱ्यांना मान्यता देणारी असोसिएशन ऑफ थिऑलॉजिकल स्कूल्स एम.ए.साठी किमान ३६ क्रेडिट मागते. एक क्रेडिट म्हणजे वर्गातलं शिकणं आणि घरचा अभ्यास धरून साधारण ४५ तास. म्हणजे अख्खी पदवी १,६२० तासांत आटोपते. राजनैतिक अधिकाऱ्यांना भाषा शिकवणारी अमेरिकेची फॉरेन सर्व्हिस इन्स्टिट्यूट मात्र इंग्रजीभाषक अधिकाऱ्याला अरबी किंवा चिनी कामापुरती यायला वर्गातलेच २,२०० तास धरते! 'भाषा कशी शिकावी' असा एखादा विषय पदवीत असतो, तो चांगलाही असतो; पण पोहायचं कसं हे समजणं वेगळं आणि पोहणं वेगळं. भाषेसाठी वर्ष-दोन वर्षं वेगळी काढावीत आणि तेवढ्या काळात दुसरं काम अंगावर घेऊ नये. आल्या आल्या प्रवचनाला उभं केलेला माणूस दुभाष्यावर विसंबतो, आणि मग त्याची भाषा बाजारहाटाच्या पुढे सरकत नाही.

पैसे वसूल होतात ते मानववंशशास्त्राच्या विषयांत. इथे टिपणवही ठेवावी लागते: डाव्या पानावर जे दिसलं-ऐकलं ते, उजव्या पानावर त्याचा आपण लावलेला अर्थ. 'म्हातारे आले तेव्हा लोक आदराने उभे राहिले' हे वाक्य डावीकडे चालत नाही. 'आदराने' उजवीकडे जातं. डावीकडे हवं ते असं: कोण उठलं, कोण बसून राहिलं, बायका कुठे होत्या, परत बसायला आधी कोणी सुरुवात केली. वंशावळीतही हीच शिस्त. पुरुषाला त्रिकोण, स्त्रीला वर्तुळ, लग्नाला बरोबरचं चिन्ह, आणि प्रत्येक नात्याचा शब्द तिथल्या लोकांच्या तोंडचा. ज्याच्या भाषेत काका आणि मामा दोघांना एकच शब्द, तो विद्यार्थी इथे हटकून चुकतो. मग कोणाच्या संमतीशिवाय घरातला निर्णय होत नाही हेच त्याला कळत नाही.

मिशनकार्याचे मानववंशशास्त्रज्ञ पॉल हीबर्ट यांचं लिखाण बहुतेक ठिकाणी शिकवतात, आणि शिकवायलाच हवं. त्यांनी १९८२ मध्ये दाखवून दिलं की पाश्चात्त्य मिशनरी वर देव आणि खाली विज्ञान असे दोनच मजले मानतो. मधला भुताखेतांचा, पूर्वजांचा, नजर लागण्याचा मजला त्याला दिसतच नाही. मूल आजारी पडलं की लोकांचे प्रश्न नेमके त्या मजल्यावरचे असतात. जुन्या चालीरीतींबद्दल त्यांनी सांगितलेली पद्धतही मोलाची: आधी चाल नीट समजून घ्या, मग पवित्र शास्त्र काय म्हणतं ते पाहा, मग मंडळीने, म्हणजे तिथल्या चर्चच्या लोकांनी, मिळून ठरवावं, आणि मग नवी रीत घालावी. परीक्षेत हे सगळे धडाधडा लिहितात. प्रत्यक्षात तिसरी पायरीच गळते, कारण मंडळीऐवजी पाहुणाच ठरवून मोकळा होतो. मग ती चाल बंद होत नाही, फक्त त्याच्या नजरेआड सुरू राहते.

पदवीच्या नावात 'मिशन' नसतं, त्याला कारण आहे. अमेरिकेतल्या फुलर सेमिनरीनेही २००३ मध्ये 'स्कूल ऑफ वर्ल्ड मिशन' हे नाव बदलून 'इंटरकल्चरल स्टडीज' केलं. 'मिशन' शब्द नसलेलं नाव व्हिसाच्या अर्जाला सोयीचं पडतं खरं, पण गुणपत्रिकेवर विषयांची नावं 'मिशन'वालीच असतात. तीही आधी बघून घ्यावीत.

शैक्षणिक कर्ज काढून ही पदवी करू नये. कर्ज फिटेपर्यंत उमेदवाराला थांबवणाऱ्या मिशन संस्था बऱ्याच आहेत.

ऑनलाइन पर्याय वाईट नाही. त्या समाजात राहूनच शिकत असाल तर तोच बरा, फक्त टिपणवही दर आठवड्याला वाचणारा माणूस हवा. प्रवेश घेण्याआधी आदल्या वर्षीची तपासलेली एखादी वही, नावं झाकून, दाखवायला सांगा. समासात शेरे किती आणि कसले आहेत ते बघा. नुसत्या बरोबरच्या खुणा असतील तर दुसरी सेमिनरी शोधा.