सांगलीचा संगणक पुण्यातून: टेलस्केल वापरल्यानंतरचा अनुभव

सांगलीच्या घरी एक डेस्कटॉप आहे. बाबांच्या दुकानाचे हिशेब आणि घरातले सगळे जुने फोटो त्याच्यावर. मी पुण्यात. तो इथून उघडता यावा म्हणून गेल्या पावसाळ्यात टेलस्केल बसवलं. हा एक व्हीपीएन, म्हणजे दूरदूरची आपली यंत्रं इंटरनेटवरून एकाच खासगी नेटवर्कमध्ये आणणारं सॉफ्टवेअर. तेव्हापासून रोज वापरतोय आणि मनापासून आवडलंय.

मूळ अडचण सीजीनॅटची. फायबर घेतलं तरी बऱ्याच घरांना स्वतःचा पब्लिक आयपी (इंटरनेटवरून थेट गाठता येणारा पत्ता) मिळत नाही, कंपनी अनेक गिऱ्हाइकं एकाच आयपीमागे बसवते, त्यालाच सीजीनॅट म्हणतात. राउटरच्या पानावर वॅन आयपी (राउटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता) १००.६४ ते १००.१२७ यांच्यातला दिसला, की पोर्ट फॉरवर्डिंगचा, म्हणजे राउटरमध्ये बाहेरून आत यायला दार उघडण्याचा, नाद सोडायचा. आणि पब्लिक आयपी मिळाला तरी रिमोट डेस्कटॉपचा (दुरून संगणकाचा पडदा वापरण्याच्या विंडोजच्या सोयीचा) ३३८९ पोर्ट उघडा टाकू नका, असंच मी सांगेन. एकामागून एक पासवर्ड लावून बघणारे बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्रॅम, त्याच्यावर सतत येऊन आदळतात.

टेलस्केलमध्ये दोन्हीकडची यंत्रं आतून बाहेर जोडणी करतात, त्यामुळे राउटरवर काहीच उघडावं लागत नाही. कंपनीचा सर्व्हर यंत्रांच्या सार्वजनिक किल्ल्या (ओळख पटवण्याचे आणि मजकूर कुलूपबंद करण्याचे संकेत) आणि पत्ते एकमेकांना कळवतो, पुढचं बोलणं जमेल तेव्हा थेट. दोन यंत्रांमधला हा कुलूपबंद बोगदा वायरगार्ड या व्हीपीएन तंत्राचा, जे २०२० पासून लिनक्सच्या गाभ्यातच (कर्नलमध्ये) आहे. खासगी किल्ली यंत्राबाहेर जात नाही. ज्यांना कंपनीचा तो सर्व्हरही नको, त्यांच्यासाठी हेडस्केल हा मुक्त पर्याय आहे.

वेगाचं म्हणाल तर थेट जोडणी झाली, की घरच्या अपलोडएवढा वेग मिळतो. मोबाइल डेटावर कधी कधी थेट जमत नाही, मग सगळं रिले सर्व्हरमार्गे, म्हणजे टेलस्केलच्या मधल्या सर्व्हरवरून, जातं आणि माउस मागे पडतो. स्टेटसमध्ये ‘डायरेक्ट’ आहे की ‘रिले’ ते दिसतं. घरच्या राउटरवर आयपीव्ही६ (इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत) चालू केल्यावर माझ्याकडे रिलेची वेळ फार कमी आली.

खरी मेहनत मात्र व्हीपीएनची नाही, घरच्या टोकाची आहे. लाईट जाते, संगणक झोपतो, आणि झोपलेल्या संगणकाला कुठलाच व्हीपीएन उठवत नाही. वेक-ऑन-लॅनचा, म्हणजे नेटवर्कवरून संगणक उठवणारा, संदेश घरच्या नेटवर्कमधूनच जावा लागतो, टेलस्केलमधून तो पोचत नाही. म्हणून राउटरशेजारी एक रास्पबेरी पाय (तळहाताएवढा छोटा संगणक) कायम चालू ठेवलाय, राउटरच्याच इन्व्हर्टरवर. आधी पायमध्ये शिरायचं, तिथून डेस्कटॉपला उठवायचं. बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) लाईट आल्यावर आपोआप चालू होण्याचा पर्याय आहे, तोही लावा. विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद करा, नाहीतर बंद केलेला संगणक बऱ्याचदा उठत नाही.

घरच्या यंत्रांची टेलस्केलमधली ‘की एक्स्पायरी’ (लॉगिनची मुदत) पहिल्याच दिवशी बंद करावी. मुदत १८० दिवसांची असते, ती संपली की यंत्रासमोर बसून पुन्हा लॉगिन, आणि ते आईबाबांना फोनवरून समजावणं सोपं नाही. विंडोज होमवर रिमोट डेस्कटॉप बाहेरून घेता येत नाही, त्याला प्रो लागतं किंवा रस्टडेस्कसारखं दुसरं रिमोट सॉफ्टवेअर. पायवर टेलस्केलची ‘सबनेट राउटर’ ही सोय लावली, की घरचा प्रिंटरही त्याच्यामार्गे दिसतो. फक्त दोन्ही घरांत आयपी पत्त्यांची १९२.१६८.१ हीच मालिका असेल तर गोंधळ उडतो, म्हणून सांगलीची मालिका बदलून घेतली.

खटकणाऱ्या गोष्टी तीन. अँड्रॉइडवर एका वेळी एकच व्हीपीएन चालतो, त्यामुळे ऑफिसचा लावला की घर तुटतं. काही बँकांची अ‍ॅप व्हीपीएन दिसला की अडून बसतात. आणि लॉगिन गुगल, मायक्रोसॉफ्ट अशा खात्यातून होतं, म्हणजे ते खातं गेलं तर घरही गेलं. दुहेरी पडताळणीशिवाय हे बसवूच नका.

गावाहून निघण्याआधी एक चाचणी नक्की करा. डेस्कटॉप बंद करा, मेन स्विच पाडून परत चालू करा, फोनचं वायफाय बंद ठेवून मोबाइल डेटावरून आत शिरून बघा. तिथे जे अडेल ते तिथेच दुरुस्त होतं, पुण्याला आल्यावर नाही.