सरकारी खर्चाची मॅमोग्राफी व्हॅन: तपासणी चोख, बोलावणं ढिसाळ

मॅमोग्राफीला, म्हणजे स्तनांच्या कॅन्सरसाठीच्या एक्स-रे तपासणीला, पूर्ण मार्क. टेक्निशियन बाईच होत्या, आधीच विचारलं पावडर-डिओ लावलंय का, कारण त्याचे कण एक्स-रेत कॅल्शियमच्या ठिपक्यांसारखे (जे कधी कधी कॅन्सरची खूण असतात) दिसू शकतात. प्लेटांमध्ये दाबतात तेव्हा दुखतं, खोटं कशाला बोलू, पण काही सेकंदच, प्रत्येक बाजूचे दोन-दोन फोटो, झालं. पैसे शून्य. तरी व्हॅन निम्मी रिकामी! मेसेज येतो आदल्या रात्री, वेळ भर दुपारची, मग कामावरच्या बायका येणार कशा? जिथे सोय आहे तिथे ५० ते ६९ वयाच्या बायकांनी दर २ वर्षांनी करावी असं डब्ल्यूएचओ सांगते. मशीनवर एवढा निधी घालता तर आठवणीच्या फोनवर, संध्याकाळच्या स्लॉटवरही थोडा घाला ना. आणि रिपोर्ट अजून पोस्टाने का?